मुद्देमाल

पूर्णा जंक्शनच्या पुढं, हिंगोलीकडं रूळ वळतात तिथं
एक दगड आहे, गुडघ्याइतका.
निजामाच्या रेल्वेनं रोवलेला. त्यावरची उर्दू
आता फक्त गफूरचाचा वाचतात, तेही बोटानं चाचपून,
मोतीबिंदू झाल्यापासून.
त्या दगडापाशी मी संपतो.

म्हणजे मुंजाजी खटिंग संपत नाही,
तो पलीकडं जाऊन चहा पिऊ शकतो, उधारीवरसुद्धा.
संपतो तो पट्टा, ती टोपी, तो बिल्ला.
ट्रेनिंगला घोकून घेतलं होतं:
सिग्नलची तार तोडली तर माझा.
डब्यात बाईची पिशवी मारली तर लोहमार्गवाल्यांचा.
दगडापलीकडं कुणी कुणाचा मुडदा पाडला
तर गावच्या ठाण्याचा. फोन करा. वाट बघा.

पौषातली रात्र, ज्वारी निसवलेली.
दगडापासून दहा पावलांवर, बाभळीला
पोरगं बांधलेलं. सतरा-अठराचं.
भोवती सात-आठ जण, एकाच्या हातात मोटारीचा पट्टा.
"केबल चोरू लालता. तिसरी केबल गेली ह्या महिन्यात."
ठाण्यात द्या, म्हणालो.
"जमादार, तुमची हद्द तिकडं."
खरंच बोलला. कायदा त्यालाही पाठ होता.

ठाण्यात फोन लावला.
गाडी ताडकळसला गेलीय, अर्धा तास लागंल.
पोराच्या डाव्या कानातून काळं काही गळत होतं.
अर्धा तास म्हणजे किती पट्टे, ते मी मोजायला लागलो
आणि मोजता मोजता
कलम सहा आठवलं.

रेल्वेचा माल ज्याच्याकडं सापडंल,
वॉरंट नको, मॅजिस्ट्रेट नको.
कुठं सापडला, हे कायदा इचारत नसतो, ध्यानात ठेवा,
असं म्हणून मास्तरांनी खडू आपटला होता.

रुळाकडेला एक जुनी चावी पडली होती, स्लीपरची, गंजलेली.
वाकलो. बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं.
मग दगड ओलांडला.

झडती घेतो, म्हणालो.
त्याच्या खिशात माझा हात गेला तेव्हा
आत पाच-सहा बोरं होती, आणि ऊब.
हात बाहेर आला तो चावी घेऊन.
हा माझा आरोपी. सोडा.

त्यांनी सोडला.
एकानं माझीच पाठ थोपटली,
"बघा, रेल्वेलाही सोडलं न्हाई भाड्यानं."
बेडीचा आवाज मला
इतका गोड कधी लागला नव्हता, आणि त्याची लाज
घरी गेल्यावर वाटली, भाकरी मोडताना.

पंचनामा केला. मुद्देमाल: लोखंडी चावी, नग एक,
अंदाजे किंमत चाळीस रुपये.
पंच म्हणून पट्टेवाल्यानं सही केली.
झोकदार सही, खाली दोन टिंबं.

आता नांदेडला तारखा पडतात.
आम्ही एकाच बाकावर बसतो. मी उजवीकडं,
डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही.
चहा मी पाजतो, बिस्किटाचा पुडा तो आणतो.

"साहेब, ती चावी म्या घेतली नव्हती ना?"
आधी सांगायचा, घेतली नव्हती म्हणून.
आता विचारतो.
नाही, म्हणालो.
"मग?"
मग काय, चहा निवत होता.
केबलचं मी कधी विचारलं नाही.
ते माझ्या हद्दीत नव्हतं.

मागच्या तारखेला पिंजऱ्यात उभं करून मला
पिशवीतली वस्तू दाखवली. हीच का ती चावी?
हीच, म्हणालो.
सगळ्या जबाबात तेवढं एक
शपथेला धरून होतं.

आज परत बसलोय.
शिपाई दारात येऊन पुकारतो, "केरबाऽऽ, केरबा हाजिर हो",
आज्याचं नाव ठेवलंय त्याला.
पहिली हाक त्याला जात नाही.
मी खांद्याला हात लावतो.
अजून दचकतो.