एकशे बारा

कळमन्याच्या मिरची बाजारात
बाळकदास मामाने दिवसभर पोती वाहिली.
पारा शेहेचाळीसवर,
आणि घामावर उतारा म्हणून
रांजणातलं नुसतं पाणी, गडव्यामागून गडवा.
खिशात कांदा होता, लू लागू नये म्हणून.
कांद्यानं लू अडवली असेलही,
मीठ नाही अडवलं.

मेडिकलच्या वॉर्डात, चौदा नंबरची खाट.
रिपोर्ट म्हणतो, सोडियम एकशे बारा.
मामा म्हणतो, "तुमी कोन वो बाई?"

मी इथेच, दोन जिने वर
हेच शिकवते.
मंगळवारी फळ्यावर काढली होती पेशीची भिंत.
भिंत कसली, तेलाची साय :
बाहेर सोडियमची दाटी, आत पोटॅशियम,
आतली बाजू उणे सत्तरवर
गलोलीच्या रबरासारखी ताणलेली.
उणे पंचावन्नपर्यंत ढकललं की दारं उघडतात,
सोडियम आत घुसतो, उण्याचं अधिक होतं,
लगेच पोटॅशियम बाहेर पडतो, ताण परततो,
तोवर शेजारची दारं उघडलेली.
"नाव आठवणं म्हणजे एवढंच,"
खडू झटकत मी म्हणाले होते.

बाहेरचं मीठ विरळ झालं,
तर पाणी आत शिरतं, पेशी फुगतात,
आणि सख्खी भाची बाई होते.

"घाई नाही करायची, मॅडम," उईके डॉक्टर म्हणतात,
"चोवीस तासांत आठच्या वर नाही."
ठाऊक आहे. पाच गुणांना विचारते मी हे.
तरी रात्रभर थेंब मोजते,
कूलरच्या घरघरीत चुकते, पुन्हा मोजते.
मामा झोपलाय.
आत, प्रत्येक सायीवर, हमाली चालूच :
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
तीन बाहेर, दोन आत.
या हमालांना रविवार नाही.

सिस्टरने दिलेल्या पिशवीत
तंबाखूची डबी, बिल्ला, तो कांदा.
सातवीत असाच एक कांदा मागितला होता मी याला.
त्याची साल काचेवर ठेवून
पहिल्यांदा पेशी पाहिल्या.
याने भिंगात डोकावून विचारलं होतं,
"एवढ्या खोल्या? राह्यते कोन यात?"

पहाटे एकशे अठरा.
मामा छताकडे बघतो, बाटलीकडे,
माझ्याकडे जरा जास्त वेळ.
मग रिकामा खिसा चाचपत,
चिडून,

"माहा कांदा कुठं ठेवला, शेवंते?"