निवळ

नाईल घरात शिरली त्याचा तिसरा दिवस.
गच्चीवर आम्ही सात जण, एक बकरी,
आणि नजर पोचेल तिथवर पाणी.
प्यायला घोट नाही.

हुदैफा ओंजळ भरायला वाकला
तशी सित्तनामावशीने चापट मारली त्याच्या हातावर.
खाली फुगलेलं गाढव वाहत होतं,
आणि कुणाची तरी चप्पल. डावी.

मग तिने पदराची गाठ सोडली.
शेवग्याच्या बिया. अठरा.
(आमच्या बोलीत त्या झाडाचं नावच 'निवळवणारं'.)
सहा सोलल्या, फावड्याच्या पात्यावर ठेचल्या,
पीठ फडक्यातून घागरीत सोडलं
आणि ढवळत राहिली, आधी जोरात,
मग हळू,
बाळाला थोपटावं इतकं हळू.

"आता कुणी धक्का लावायचा नाही."

दोन तास आम्ही भांडणं गिळली.
बकरीचे पायसुद्धा धरून ठेवले.
गाळ खाली बसत गेला
लांबून चालत आलेल्या पाहुण्यासारखा.

वरचं पाणी बाटल्यांत, बाटल्या पत्र्यावर आडव्या,
दिवसभर उन्हात.
"दिसतं ते बी काढतं. दिसत नाही ते ऊन बघून घेईल."
अंधार पडताना पेलाभर प्रत्येकी. तिचा शेवटी.
तळाचं बकरीला.

सहाव्या दिवशी होडी आली.
होडीवाल्याने हुदैफाच्या हातात
सीलबंद बाटली दिली, काचेसारखी स्वच्छ.
त्याने ती अलगद फळीवर ठेवली,
दोन्ही हात मागे घेतले
आणि होडी हलू नये म्हणून
श्वास धरून बसला.