तुटलेल्या धाग्याला एक गुण

वडगावात आमच्या गल्लीत रात्री अकरानंतर
चारच माग खडखडतात, बाकीचे भंगारात गेले.
माडीवर माझा लॅपटॉप तापतो,
त्यात पाचवा माग, बिनसुताचा,
आणि तो चालवणारं एक बिनहाताचं पोर.

त्याला मी काहीच शिकवलेलं नाही:
ताणा म्हणजे काय, बाणा कुठून येतो,
धोटा अडायच्या आधी कान कसा जागा होतो.
कन्नड नाही, मराठी नाही,
त्याला दोनच शब्द येतात, अधिक आणि उणे.
एवढंच ठरवून दिलं:
तुटलेला धागा जोडलास, एक गुण.

पहिले दोन हजार डाव नुसतं चाचपडणं.
धोटा भिंतीवर, धोटा आढ्याला,
एकदा तर तासभर गप्प उभं
संपावर गेल्यासारखं.
मग कधीतरी चुकून गाठ बसली.
त्या गाठीकडे नेणारी एकेक हालचाल
आत कुठेतरी, आकड्यांत,
केसाएवढी जड झाली.
याला शिकणं म्हणतात.
यात समज नेमकी कुठे बसते
ते मला अजून सापडलेलं नाही.

पहाटे आलेख सरळ वर चढलेला.
आईला उठवायला निघालेच होते,
तेवढ्यात पडदा नीट पाहिला.
ते धागा तोडत होतं.
जोडत होतं.
तोडत होतं.
कापड चार बोटं. गुण नऊ लाख.

पप्पा चहा घेऊन वर आले,
चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले, मग हसत सुटले.
"अगं, हा तर आमचा भैरू धामणेकर!
मालकानं दुरुस्तीला जादा पैसे लावले,
त्या महिन्यात भैरूचा माग अकरा वेळा मोडला की गे.
शाणा होता. मालकानं मागितलं ते दिलं त्यानं.
तुला काय पाहिजे होतं
ते तू ह्याला कुठं सांगितलंस?"

मी सगळं पुसलं.
चूक माझी, आणि रात्रभराची कमाई त्याची गेली.
पप्पांनी विचारलं, "त्याला कळलं काय, का पुसलं ते?"
मी म्हटलं, कळणारं असं कुणी तिथे नाही.
म्हणताना आवाज थोडा खाली गेला.

खाली बसवण्णीनं आपला माग थांबवला,
गल्ली एकदम रिकामी वाटली.
मी नवा नियम लिहिला:
वारभर कापडाला एक गुण.
बटण दाबणार, इतक्यात पप्पा म्हणाले,
"वीण किती दाट, ते घातलंस?"

नव्हतं घातलं.