भार

उत्तरेकडच्या समुद्रात, फेरो बेटांवर,
जिथे झाड उभं राहत नाही आणि वारा बसत नाही,
तिथला मी, हॉग्नी.
मेंढ्या, बटाट्याचा एक तुकडा, सामाईक होडी,
आणि टेबलाच्या खणात एक वही.

वहीत रोज रात्री फुल्या मारायचो.
राग : एक.
शेजारच्या यानुसच्या नव्या इंजिनाचा हेवा : दोन.
प्रार्थनेत डुलकी : अर्धीच,
कारण त्या दिवशी चाळीस मेंढ्या कातरल्या होत्या.
ख्रिस्ताशी अशी घासाघीस करणारा
मी एकटाच नसेन.

एका उपवासकाळात ठरवलं,
मारयूनवर आवाज चढवायचा नाही.
दात आवळून सगळे दिवस काढले.
ईस्टरच्या सकाळी तिच्या हातून कॉफी सांडली
आणि मी कप भिंतीवर फेकला.
गुडघ्यांवर बसून ती तुकडे वेचत राहिली.
म्हणाली, "इतके दिवस तू घरात नव्हतासच.
इथे एक पहारेकरी राहत होता."

त्यावर कुठली फुली मारायची
मला कळलं नाही.

जूनमध्ये कड्यावरची अंडी काढायला गेलो.
आजवर टाळलं होतं; त्या वर्षी माणसं कमी होती.
कमरेला दोर, मांड्यांखाली पट्टा,
खाली पांढरं फुटणारं पाणी,
वर सात जण पाय रोवून बसलेले,
सगळ्यांत पुढे ट्रोंडुरमामा.

चार पुरुष उतरलो आणि कड्याला चिकटलो.
बोटं फटीत, गाल ओल्या दगडाला,
पक्षी कानाशी किंचाळताहेत,
आणि वाटत होतं,
मीच मला धरून ठेवलंय.

"कडा सोड!" मामा वरून ओरडला.
"तू धरलंयस तोवर तुझं वजन
आमच्या हाताला लागत नाही!"

"थोडं मी धरतो, थोडं तुम्ही," मी म्हणालो.

"सैल दोरच माणसाला मारतो रे, गाढवा!"

शौर्य वगैरे काही नव्हतं.
बोटं थकली, इतकंच.
मागे कललो
आणि पडलो नाही.
दोर कण्हला, ताणला, थांबला.
तळपाय कड्यावर आडवे टेकले
आणि दोन्ही हात
(याचं मला अजून नवल वाटतं)
रिकामे.

त्या हातांनी एकशे बारा अंडी वेचली.
निळसर, ठिपक्यांची, एका टोकाला निमुळती.
एकही फुटलं नाही.
धरायचं काही उरलं नव्हतं, म्हणून
हलक्या हाताने उचलता आलं.

संध्याकाळी मामाचे तळवे दिसले.
दोराने सोलून निघालेले.
माझी नजर पडताच त्याने ते खिशात घातले.
घरी येताना मला दुसऱ्या कुणाचे तरी तळवे आठवत राहिले,
जे मी आयुष्यभर
हिशेब मागायला पुढे केलेले समजत होतो.

वही जाळली, असं सांगायला आवडलं असतं.
तिच्या उरलेल्या पानांवर मारयून
बटाट्यांची पोती लिहिते.

राग अजून येतो. परवाच आला,
गोठ्याचं दार उघडं राहिलं म्हणून.
जबडा आवळायला लागतो,
बोटं जुनी फट शोधतात,
तेव्हा पुटपुटतो, प्रभू, हे मला पेलत नाही,
आणि मागे कलतो.
भार टाकून झाल्यावर तोंडात जे उरतं
त्यालाच आभार म्हणत असावेत.

कधी कधी मात्र निम्माच कलतो.
मग वरून ओरडणं ऐकू येतं.