धाकटी जोडी

खडेबाजारात मल्लेशी म्हणाला, "नोडरी,
ही उभी जोडी. कमरेएवढी.
हिच्यात डग्गा पोटात वाजतो."
वाजलाच.

खिशात भिशीचे एकवीस हजार.
उभीचे चौतीस, वर शहापूरपर्यंत टेम्पो.
शेल्फावरची धाकटी अठराला,
कुंद्याच्या मोठ्या डब्यांएवढी,
आवाज लख्ख, पण जमिनीला पाय न टेकलेला.

आमची खोली दहा बाय दहा,
असं मी मल्लेशीला सांगितलं.
अप्पांचं सांगितलं नाही.

अप्पांचे कान मागांनी नेले:
तीस वर्षं, आठ माग, पत्र्याचं छत.
बारीक सूर ते आता
माझ्या चेहऱ्यावर बघतात.
खर्ज तेवढा अजून पोचतो, तळव्यांतून.

म्हणजे उभीच घ्यायला हवी होती.
धाकटी घेऊन रिक्षात बसलो,
मांडीवर दोन्ही, चोरासारखा.

घरात शेल्फही नव्हतं.
कांड्यांची दोन सागवानी खोकी
आडवी ओढली, त्यांवर ठेवली,
भीमपलास लावला.

अप्पा आले. खुर्ची नको म्हणाले.
दोन खोक्यांच्या मधे मांडी घालून
एकेक तळहात एकेका लाकडावर.
विलंबित संपेपर्यंत तसेच.

मग डोळे न उघडता:
"डावीकडचा धागा सैल हाय बघ."

मागे वाकून बघितलं.
वायर
निसटायलाच आली होती.