हातचा एक

झोम्बाच्या डोंगरावरून चिपेरोनी उतरते,
रेकॉर्ड रूमच्या काचेवर आतून पाणी धरतं.
रजिस्टरं मी भिंतीपासून वीतभर लांब ठेवतो.
एकोणीस आहेत. आठव्याला वाळवी लागली होती,
त्यातला मार्च आता नाही.

सिस्टर झिओने नवजात कक्षाच्या दाराशी
स्टूल टाकून बसायची, मांडीवर वही.
कोण आलं, कोणी बाळाला हात लावला,
लावण्याआधी हात धुतले का.
धुतले: टिक. नाही: फुली.
साबण नव्हता: गोल.
पाणीच नव्हतं: नुसती तारीख,
आणि खाली बारीक अक्षरात, 'नळ. परत.'

मागच्या पानांवर बाळं.
वजन, ताप, कितवी खाट, रक्तात काय उगवलं,
कधी घरी गेलं.
कधी रकाना तसाच.

आता ते सगळं माझ्या पडद्यावर.
नावं काढली. गावं काढली.
जन्मतारखा सरकवल्या, पण दोन तारखांमधलं अंतर
तसूभर ढळू दिलं नाही.
ताप तिसऱ्या दिवशी आला की दहाव्या,
सगळं त्यावरच तर आहे.

मग एक ओळ अडली.
तिळी.
त्या वर्षी एकच. बाजारात कोणालाही विचारा,
सुकी मासळी विकणारीसुद्धा सांगेल
कोणाची, आणि त्यातलं कितवं राहिलं नाही.
नाव पुसून काय झाकणार मी?
वीज गेली तरी अंधारात बसून होतो.
सकाळी रकान्यात लिहिलं, 'एकाहून अधिक'.
जुळी-तिळी एका पांघरुणाखाली.
खरं थोडं कमी झालं. किती, तेही टिपणात लिहिलं.
(इथे तिळी म्हणालो. तेही तसंच असेल असं नाही.)

टिपण लांबत गेलं.
नव्याण्णव म्हणजे नव्याण्णव नाही, नोंद नाही.
गोल म्हणजे शून्य नाही.
कोरं म्हणजे आळस नाही, नळ बघा.
मार्च वाळवीने खाल्ला, आम्ही नाही.

मोठे डॉक्टर म्हणाले, फात्सानी, ऑक्टोबर वगळ.
ऑक्टोबरात फुल्याच फुल्या.
बैठकीत झिओने उठली, गुडघा धरून.
'त्यात माझ्याही आहेत. तीन बाळं एकदम, मी एकटी.
वहीच्या कव्हरवर नाव माझं राहू दे.
फुलीपुढे नको.
पण फुली काढलीस, तर ती बाळं कशाने गेली म्हणशील?'
कोणी काही बोललं नाही. ऑक्टोबर राहिला.

पारामारिबोहून अर्ज आला,
डॉक्टर कार्तोदिमेजो, खिडकीजवळचं बेसिन,
त्याच्या शेजारच्याच खाटांना ताप.
आमचीही चौथी खाट बेसिनशेजारी.
कशासाठी, कोण बघणार, कोणाचा माग काढणार नाही,
सह्या होईपर्यंत सात आठवडे गेले.
सात आठवडे तिकडे ते बेसिन ठिबकत असणार,
हे मला रात्री आठवायचं. घाई केली नाही.
बरोबर केलं का, माहीत नाही.

डेटा जाणार हे कळल्यावर एक बाई आली.
नाव इथेही नाही.
'माझा आहे त्यात?'
आहे.
'दाखव.'
म्हणालो, आता मलाही दाखवता येत नाही,
नाव आणि नंबर जोडणारा कागद लोखंडी पेटीत,
किल्ली माझ्याकडे नाही.

ती चितेंजेचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.
'मी टोमॅटो विकते. हिशेब तोंडी.
बेरजेत हातचा एक धरते. तो लिहीत नाही कुठे,
पण सोडला तर बेरीज चुकते.
तसा आहे ना तो?'

हो म्हणालो. आणखी काय म्हणणार.

गेली ती. विसावं रजिस्टर उघडलं.
स्टुलावर आता नवी मुलगी बसते, अक्षर मोठं, तिरकं.
आजच्या पानावर नुसती तारीख.
मी बादली घेऊन खाली गेलो.