वाघिणींची टेकडी

टेकडी म्हणजे काय, तर प्लायवुडखाली सरकवलेल्या
अकरा पाचरी. सगळ्यात उंच जागी पावणेदोन इंच.
मागून इंजिन रेटतं, माथ्यावर कडी सुटते,
पुढचं उतार बघतो.

जेल रोडच्या गच्चीवरची ही खोली
कुमुदनं कुरडयांसाठी मागून ठेवली होती.
मी निवृत्तीचा नारळ घेऊन घरी आलो
आणि टेप काढून मापं घ्यायला लागलो.

चौतीस वर्षं आर.एम.एस.मध्ये पत्रं लावली.
रात्रीच्या डब्यात, गाडी हलत असताना,
येवला, निफाड, सटाणा, पेठ.
हात खणापाशी आधी पोचायचा, डोळे मागून.
आता खण आडवे पडून रूळ झालेत,
आठ रूळ, आणि पत्राच्या जागी वाघीण.
(मालडब्याला वाघीण कुणी म्हटलं असेल पहिल्यांदा?
माझी तर बत्तीस ग्रॅमची.)

बत्तीस हे सहज नाही ठरलं.
पहिल्या महिन्यात एकीनं सांध्यावरच बसकण मारली,
दुसरी तिला ढुशी देऊन तिच्यासकट कलंडली,
तिसरी भरधाव, टेबल संपलं तरी, थेट कोरफडीच्या कुंडीत.
हलकी थांबते, जड ऐकत नाही.
सराफ बाजारातल्या विसपुत्यांनी जुना काटा दिला.
तांबट आळीतून पितळेचा कीस आणला
आणि चिमूट चिमूट एकेकीच्या पोटात भरला.
विसपुते म्हणाले, सोन्यालाही आम्ही इतकं नाही हो छळत.

उतार शंभराला चार, मग दोन, मग
जेमतेम इतका, की पाण्याचा थेंबही विचारात पडावा.
हे थेंबाचं मनमाडच्या धात्रकांचं.
शंटिंग जमादार होते. एका दुपारी आले,
चष्मा काढून रुळाला गाल टेकवला,
म्हणाले, इथं केसभर उचला.
केसभर म्हणजे पोस्टकार्डाचा तुकडा. तो घरात होताच.

वेग आवरायला टूथब्रशचे केस
रुळांमधून वर काढले. कण्याला गुदगुल्या होतात,
वाघीण नरमते.
चुंबकानं कडी सुटेना, तेव्हा
कुमुद क्रोशाची सुई घेऊन माथ्यापाशी उभी राहिली.
अजून तीच उभी असते.
मी ओरडतो, "तीन!" ती कडी उचलते,
मी तीनचा सांधा फिरवतो,
आणि मधली अडीच सेकंदं
दोघांच्याही हातात नसतात.

आठव्या रुळाला पाटी नाही.
ऑफिसात असा एक खण असायचा, अपुऱ्या पत्त्यांचा.
एका पाकिटावर नुसतं "दादा, नाशिक", निळ्या शाईत.
ते मी तीन रात्री हातात घेतलं
आणि तीन रात्री परत ठेवलं.

जानेवारीत निफाडला पारा चारावर गेला
त्या सकाळी एकही वाघीण तळाला पोचली नाही.
कण्यातलं तेल मधासारखं झालेलं.
सगळ्या उतारावर, जिथल्या तिथे,
रजेचा अर्ज दिल्यासारख्या.
मी पाचर ठोकायला हातोडी उचलली.
कुमुद म्हणाली, ऊन तर येऊ दे.
बसलो मग. दोघंही, उलट्या बादल्यांवर.

ऊन खिडकीतून टेकडीवर चढलं,
आणि माथ्याजवळची एक, नंबर खरवडून गेलेली,
कुणी हात न लावता सुटली.
इतकी हळू, की चाकाची आरी मोजता यावी.
सांधा रात्रीपासून आठवर राहून गेला होता.
ती वळली, रिकाम्या रुळावरून गेली,
टोकाच्या काडेपेटीला टेकून थांबली.

कुमुदनं सुई अंबाड्यात खोचली, चहा टाकायला उठली.
मी वहीत लिहिलं:
दहा चाळीस. रूळ आठ. वाघीण एक.